गळा दाबल्याची तक्रार आणि पोलीस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती हिंसाचारात बाईचा गळा दाबला जातो त्या प्रकरणांवर नाशिक शहर आणि ग्रामीणच्या पोलीस अंमलदारांबरोबर आमची सत्रे होतात. सत्र संपले की फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ठाणे अंमलदारांचे येतात, ११२ च्या गाडीवरच्या अंमलदारांचे, महिला हवालदारांचे, कधी एखाद्या बहिणीच्या भावाचेही. ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि ५ आधी वाचा. रात्री दोन वाजता बाई समोर उभी असते तेव्हा तेच लागतात.

१. "नवऱ्याने मारलं" आणि "नवऱ्याने गळा दाबला" यात एवढा फरक का करायचा? मारहाण ती मारहाणच ना?

फरक जिवाचा आहे. मानेतल्या शिरा दबून बंद व्हायला साधारण २ किलो जोर पुरतो, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांना ५ किलोच्या आसपास आणि श्वासनळीला १५ किलो, असे न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेले असते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. श्वास चालू असतानाच मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते आणि दाब तसाच राहिला तर काही मिनिटांत जीव जातो. म्हणून "ओरडत होती, म्हणजे गळा कुठे दाबला होता?" हा प्रश्नच चुकीचा आहे.

दुसरे कारण पुढचे आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने ज्यांचा आधी गळा दाबला होता अशा स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त आढळली. आज तुमच्या ठाण्यात चालत आलेली बाई ही त्यातली असू शकते.

२. मानेवर काहीच खूण नाही. मग बाई वाढवून सांगते आहे असे समजायचे का?

अजिबात नाही. सॅन दिएगो शहरात पोलिसांकडे आलेल्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांच्या मानेवर डोळ्यांना दिसेल अशी एकही खूण नव्हती. ज्यांच्या मानेवर होती, त्यांतल्याही बऱ्याच जणींची खूण फोटोत येण्याइतकी ठळक नव्हती. हाताचा तळवा, कोपराची घडी, ओढणी किंवा मऊ पदर यांचा दाब कातडीवर फारसे काही न ठेवता आत इजा करतो. सावळ्या रंगावर लाली तर आणखी कमी दिसते.

एका ठाण्यातला प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही. स्टेशन डायरीत "गळ्यावर जखम नाही" अशी नोंद झाली होती. बाईंना चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि तो तसाच ठसक्याबरोबर बाहेर आला. पदराने तोंड पुसून त्या "गरम आहे" म्हणाल्या. चहा केव्हाच कोमट झाला होता. महिला अंमलदाराने त्यांचा अंबाडा वर उचलला, तेव्हा मानेच्या मागे मंगळसूत्राच्या मण्यांचे बारीक ठसे ओळीने उमटलेले दिसले. समोरून बघणाऱ्याला ते दिसणारच नव्हते.

३. मग नेमके विचारायचे तरी काय?

"गळा दाबला का?" एवढे विचारून थांबू नका, कारण बऱ्याच जणी हा शब्द वापरतच नाहीत. "नरड्याला धरलं", "भिंतीला दाबून ठेवलं", "उशी दाबली", "जीव घुसमटला", "डोळ्यापुढे अंधारी आली" असे काहीतरी म्हणतात. मारहाणीच्या प्रत्येक तक्रारीत, बाईने आपणहून सांगितले नाही तरी, हा एक प्रश्न विचाराच: "ताई, त्याने मानेला, तोंडाला हात लावला होता का? श्वास अडकला होता का?"

उत्तर हो आले की सावकाश पुढे जा. कशाने दाबले: एका हाताने, दोन्ही हातांनी, गुडघ्याने, ओढणीने, चार्जरच्या वायरने? पुढून की मागून? किती वेळा? किती वेळ, हे तिला सांगता येणार नाही. तेव्हा आजूबाजूला काय चालले होते ते विचारा, त्यावरून अंदाज येतो. दाबताना तो काय बोलत होता? हे शब्द तिच्याच भाषेत, जसेच्या तसे लिहा. तो थांबला कसा: स्वतःहून, शेजारी आले म्हणून, की ती निपचित पडली म्हणून? कलम ठरवताना हेच उत्तर सर्वांत कामी येते.

मग शरीराचे. आवाज बसला का? गिळताना दुखते का? डोके ठणकते, कानात आवाज येतो, उलटी झाली? मधलेच काही आठवत नाही असे झाले का? आणि एक प्रश्न खाली मान घालून विचारला जातो, पण महिला अंमलदाराने तो विचारायलाच हवा: त्या वेळी कपड्यात लघवी झाली होती का? गळा दाबल्यावर शुद्ध गेल्याची ती मोठी खूण असते. बाई ती लाजेने कधीच आपणहून सांगत नाही. "असे शरीराकडून आपोआप होते, यात तुमचा काही दोष नाही," एवढे आधी म्हटले की बोलतात. गर्भवती आहे का, हेही याच वेळी विचारा.

४. फोटो आणि पंचनाम्यात काय काय घ्यावे?

कान, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग, मानेची मागची बाजू, खांदे, ओठांची आतली बाजू आणि डोळे. पापणी खाली ओढून बघा. पांढऱ्या भागावर किंवा पापणीच्या आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर ते फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे असतात. ते नसले म्हणून गळा दाबला नाही असे होत नाही.

फोटो एकदाच काढून थांबू नका. वण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद होतात, तेव्हा पुन्हा बोलावून काढा आणि पुरवणी जबाबात नोंद घ्या. आवाजाचेही तसेच. बसलेला आवाज चार दिवसांत सुटतो आणि मग न्यायालयात तो कुणालाच ऐकवता येत नाही. तिच्या संमतीने मोबाइलवर जबाबाचा काही भाग चित्रित करून ठेवा, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे) प्रमाणपत्र त्याच वेळी तयार करा.

घरातून ओढणी, वायर, तुटलेले मंगळसूत्र, बटणे तुटलेला ब्लाउज, ओले झालेले कपडे पंचांसमक्ष जप्त करा. कपडे धुवायला टाकू नका असे ११२ च्या पहिल्या फोनवरच सांगितले तर फार बरे.

५. ती म्हणते "मी बरी आहे, दवाखाना नको." जबरदस्ती करायची का?

सज्ञान बाईवर उपचारांची जबरदस्ती करता येत नाही. पण तिला नीट सांगितलेच नाही, तर तिचे "नको" हे माहिती नसताना दिलेले उत्तर असते. गळ्याला आतून आलेली सूज काही तासांनी वाढू शकते. मानेतल्या धमनीच्या आतल्या पापुद्र्याला चीर पडली असेल, तर तिथे रक्ताची गुठळी होऊन काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही पक्षाघात होऊ शकतो. तोवर बाई स्वयंपाक करत असते, कामावर जात असते. गर्भवती असेल तर पोटातल्या बाळालाही धोका असतो.

तिला हे साध्या शब्दांत सांगा: "ताई, बाहेरून काही दिसत नाही, पण आतली सूज रात्रीतून वाढते. एकदा डॉक्टरांना दाखवू, मी सोबत येते." आमचा अनुभव असा की शेवटच्या तीन शब्दांवर बहुतेक जणी उठतात. नकाराचे खरे कारण बहुधा घरी राहिलेली मुले, पैसे किंवा "परत गेल्यावर तो विचारेल कुठे गेली होतीस" ही भीती असते. त्यातले कोणते आहे ते विचारा. सरकारी रुग्णालयाने तिला वैद्यकीय मदत द्यायलाच हवी, तक्रार झालेली असो वा नसो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम ७ तेच सांगते.

श्वासाला त्रास, आवाज पूर्ण बसलेला, लाळ गिळता न येणे, शुद्ध गेलेली असणे, हातापायाला मुंग्या किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही असेल तर जबाब राहू द्या, १०८ बोलवा. पेठ-सुरगाण्याकडच्या ठाण्यांनी तर वाटच बघू नये. रात्री घाटातून नाशिकला यायला लागणारा वेळ त्यात धरायचा असतो.

एवढे करूनही ती नाहीच म्हणाली, तर ही लक्षणे तिला आणि तिच्या विश्वासातल्या एका माणसाला सांगा, ती रात्र एकटी राहू नको म्हणा, आणि सांगितल्याची नोंद करा.

६. मेडिकल यादीत (तपासणीसाठी डॉक्टरांना द्यायच्या पत्रात) काय लिहायचे? आम्ही "मारहाणीत जखमी, तपासून प्रमाणपत्र मिळावे" एवढेच लिहितो.

म्हणूनच सिव्हिलमधला कॅज्युअल्टीचा डॉक्टर हातापायावरचे वण मोजतो आणि मान राहून जाते. त्याच्या टेबलावर एका वेळी दहा केस असतात, यादीत जे लिहिले तेच तो बघणार. "दोन्ही हातांनी गळा दाबल्याचे व काही क्षण शुद्ध गेल्याचे सांगते. आवाज बसलेला, गिळताना त्रास. मान, डोळे, घसा यांची तपासणी व गरज वाटल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मत आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन व्हावे, ही विनंती." एवढ्या चार ओळींनी सगळी तपासणी बदलते. शुद्ध गेली होती हे तर ठळकच लिहा.

७. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घ्यायची की गुन्हा? आणि कलम कोणते?

आपल्याकडे गळा दाबण्याचा असा वेगळा गुन्हा भारतीय न्याय संहितेत नाही. त्यामुळे सगळे ठाणे अंमलदाराच्या पहिल्या नोंदीवर येऊन ठेपते, आणि अडचण तिथेच आहे. "पती-पत्नीत किरकोळ वाद, नवऱ्याने गळा पकडून मारहाण" असे लिहिले की ती कलम ११५(२) ची साधी दुखापत होते, म्हणजे अदखलपात्र, जिचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. बाईच्या हातात एनसीची पावती येते आणि ती त्याच घरी परत जाते.

तेच कथन नीट लिहिले तर कलम १०९, खुनाचा प्रयत्न, याचा विचार करावाच लागतो. दखलपात्र, अजामीनपात्र, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत. या कलमात हेतू किंवा जाणीव महत्त्वाची. ती दिसते ती दाबताना उच्चारलेल्या शब्दांवरून, किती वेळ दाबले त्यावरून, वायर-ओढणी आधीच हाताशी घेतली होती का आणि तो कशामुळे थांबला यावरून (प्रश्न ३). प्रत्येक प्रकरणात १०९ लागेलच असे आम्ही म्हणत नाही. पण हे प्रश्न न विचारताच ते बाद करणे, हे बाईवर अन्याय करणारे आहे.

सोबत प्रकरणाप्रमाणे कलम ८५ (पती किंवा नातेवाइकांकडून क्रूरता), ११७(२) (गंभीर दुखापत), १२६(२) (बेकायदा अडवणे), ३५१(३) (जिवे मारण्याची धमकी) यांचा विचार होतो. एक दखलपात्र कलम असले की सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर बंधनकारक, हे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३(३) मधली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. १०९ च्या प्रकरणात तिचा आधार घेऊ नका.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत आणि लगेच द्या. ती तिचा हक्क आहे.

८. जखम प्रमाणपत्र "साधी दुखापत" असे आले. मग १०९ काढून टाकायचे का?

प्रमाणपत्र जखमेचे असते, हेतूचे नसते. १०९ साठी जीवघेणी जखम झालीच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या, महाराष्ट्र शासन विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३ च्या निकालात (तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३०७ बद्दल) स्पष्ट केले आहे. प्रमाणपत्रातले शब्द तोकडे वाटले तर डॉक्टरांना लेखी विचारा: वर्णन केलेल्या प्रकारे दाब दिला तर जीव जाऊ शकला असता का, आणि नोंदलेली लक्षणे त्याच्याशी जुळतात का? गंभीर दुखापतीच्या व्याख्येत "जीव धोक्यात आणणारी दुखापत" येते, याचीही आठवण त्या पत्रात द्या.

९. तिचा जबाब सारखा बदलतो. आधी "एकदा दाबला" म्हणाली, आता "दोनदा". न्यायालयात टिकेल का?

मेंदूला रक्त पोहोचले नाही की त्या वेळच्या आठवणी नीट साठतच नाहीत. क्रम चुकतो, मधले तुकडे गळतात, काही गोष्टी दोन दिवसांनी आठवतात. हे खोटेपणाचे लक्षण समजू नका. पहिल्या रात्री थोडक्यात जबाब घ्या, तिला झोपू द्या, आणि एक-दोन दिवसांनी पुरवणी जबाब घ्या. "मध्ये काय झाले ते मला आठवत नाही" हे वाक्य तिने म्हटले असेल तर तसेच लिहा. रिकामी जागा आपल्या तर्काने भरू नका. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी हजर केलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवला जातो. तो लवकर करून घ्या.

१०. ओरखडे नवऱ्याच्या अंगावर आहेत, तिच्या अंगावर काही नाही. आणि तक्रार द्यायला तोच आधी आला. मग?

ओरखडे कुठे आहेत ते बघा. हाताच्या मागच्या बाजूला, मनगटावर, चेहऱ्यावर, छातीवर नखांचे ओरखडे; दंडावर किंवा हातावर चावल्याची खूण. मानेवरचे हात सोडवण्यासाठी माणूस हेच करतो. तिच्या स्वतःच्या मानेवरचे उभे ओरखडेही पुष्कळदा तिच्याच नखांचे असतात, त्याचे हात उचकटताना लागलेले. त्याचे म्हणणे लिहून घ्या, त्याचीही वैद्यकीय तपासणी करा, पण तिला वेगळ्या खोलीत बसवून प्रश्न ३ मधले सगळे विचारल्याशिवाय परस्परविरोधी तक्रारी म्हणून दोघांवर सारखीच कारवाई करू नका.

११. सासू, दीर, आत्या सगळे ठाण्यात येऊन बसतात. तिची भाषाही आम्हाला नीट कळत नाही. कसे करायचे?

तिला त्यांच्यापासून वेगळी बसवा, त्यांच्या नजरेआड. नुसते ऐकू येणार नाही एवढे अंतर पुरत नाही. सासूच्या डोळ्यांकडे बघत बाई उत्तर बदलते.

सुरगाणा-पेठकडे कोकणा, बागलाण-मालेगावकडे अहिराणी, सातपूर-अंबडच्या खोल्यांमध्ये हिंदी-भोजपुरी बोलणाऱ्या बायका येतात. दुभाषी म्हणून नवऱ्याकडचा माणूस चालणार नाही, आणि तिची मुलेही नकोत. "आईला काय झालं" असे विचारल्यावर एका चिमुरड्याने काही न बोलता स्वतःचे दोन्ही हात स्वतःच्या गळ्याभोवती धरून दाखवले होते. त्या मुलाला पुन्हा ते सांगायला लावू नका. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा ती भाषा येणारी महिला अंमलदार शोधा.

१२. तिला तक्रारच द्यायची नाही. आम्ही काय करू शकतो?

पुष्कळ काही. कलम ८५ ची खबर ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे, लग्नाचे, दत्तक नात्यातले नातेवाईक देऊ शकतात. १०९ ची खबर कुणीही देऊ शकतो, पोलीस स्वतःही. तरी तिला न विचारता घाई केली तर ती पुढच्या वेळी फोनच करणार नाही, हाही धोका मोजा. निर्णय ठाणेप्रमुखांशी बोलून घ्या, एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका.

गुन्हा होवो न होवो, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ प्रमाणे संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था आणि मोफत विधी सहाय्य यांची माहिती तिला देणे तुमचे कर्तव्य आहे. १८१, ११२ आणि विधी सेवेचा १५१०० हे क्रमांक द्या, पण कागदावर नको. कागद घरी सापडतो. पाठ करून घ्या किंवा माहेरच्या एखाद्या नावाने फोनमध्ये ठेवू द्या.

१३. दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढली, लेखी हमी घेतली, तर संसार वाचतो ना?

गळा दाबल्याच्या प्रकरणात समोरासमोर बसवू नका. ज्याने काल तिचा श्वास बंद केला त्याच्या शेजारी बसून ती खरे बोलू शकत नाही, आणि जे बोलेल त्याचा हिशेब घरी होतो. १०९ आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही. समुपदेशन हवे असेल तर तिचे एकटीचे, भरोसा सेल, सखी केंद्र किंवा महिला व बालकांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षाकडून. "पुन्हा करणार नाही" अशी हमी घेऊन पाठवलेल्या बायका आम्ही परत येताना पाहिल्या आहेत. एक परत आली नाही.

१४. लग्न झालेले नाही, सोबत राहतात. किंवा गळा दाबणारा मुलगा, भाऊ आहे. हेच सगळे लागू होते का?

कलम ८५ फक्त पती आणि त्याच्या नातेवाइकांना लागते. १०९, ११५, ११७ कुणालाही लागतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीला, तसेच आई, बहीण, मुलगी यांनाही संरक्षण देतो. दारूसाठी पैसे न दिल्याने मुलाने गळा धरला, अशा म्हाताऱ्या आया पुष्कळ येतात आणि "जाऊ द्या साहेब, पोटचा आहे" म्हणून निघून जातात. त्यांना प्रश्न ५ तेवढाच लागू आहे, किंबहुना वयामुळे जास्त.

१५. घटना पंधरा दिवसांपूर्वीची, आणि हद्द दुसऱ्या ठाण्याची. घ्यायची का?

घ्यायची. हद्द कुठलीही असो, खबर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवून त्या हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करायची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आता स्पष्टच आहे. माहेर पंचवटीत आणि सासर येवल्यात म्हणून बाईला एसटीत बसवून पाठवू नका. उशिराचे कारण तिच्या शब्दांत लिहा. पंधरा दिवसांनंतरही वैद्यकीय तपासणी करा, कारण प्रश्न ५ मधले.

१६. आरोपी आमच्याच खात्यातला आहे.

तपास त्या ठाण्यात ठेवू नका. शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांना त्याच दिवशी लेखी कळवा. बाईचा पत्ता, ती कुठे थांबली आहे, हे स्टेशन डायरीत उघडे लिहू नका. ते वाचणारे सगळे त्याला ओळखतात.

१७. तो जामिनावर सुटला. आता तिचे काय?

तो सुटणार हे तिला आधी कळवा, सुटल्यावर नव्हे. जामिनाला विरोध करताना जुन्या घटना, धमक्या आणि गळा दाबल्याचा तपशील सरकारी वकिलांच्या हातात द्या. तिच्याजवळ न जाण्याची अट मागा. संरक्षण आदेशासाठी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज वेगळा करता येतो, आणि कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशही मिळतो. तो आदेश मोडला तर कलम ३१ खाली दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो. म्हणून आदेशाची प्रत बीट अंमलदाराच्या मोबाइलमध्ये असावी. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तिला कळवायची असते, तो फोन विसरू नका.

१८. "गळफास घेतला" म्हणून बाईला आणले आहे. आधी तिच्या दोन एनसी आहेत. काय बघायचे?

जिवंत असेल तर आधी उपचार, मग डॉक्टरांकडून शुद्धीवर असल्याचा शेरा घेऊन दंडाधिकाऱ्यांमार्फत जबाब. ती गेली, तर तिने त्या आधीच्या तक्रारींत मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा परिस्थितीबद्दल जे सांगितले असेल ते साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली पुराव्यात येऊ शकते. त्या दोन एनसी म्हणूनच शोधून काढा.

गळफासाचा वण बहुधा तिरपा, वर जाणारा आणि गाठीजवळ तुटलेला असतो. आवळल्याचा आडवा, खालच्या बाजूला आणि पूर्ण फिरलेला. याला अपवाद असतात, निष्कर्ष शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचाच. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ आणि १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची चौकशी आणि शवविच्छेदन व्हायलाच हवे. माहेरच्यांना पंचनाम्याआधी बोलवा. खोलीची उंची, स्टूल, पंख्याच्या हुकावरची धूळ यांचे फोटो घ्या. आणि फास सोडवताना गाठ कापू नका. गाठीपासून दूर कापा, दोन्ही टोके दोऱ्याने बांधून ठेवा, तशीच सीलबंद करून डॉक्टरांकडे पाठवा.